पाठमोरा मेंढपाळ

“आज चार वाजता सांगतो! सुट्टीभर माझ्या हाताखाली एकच जण!” असं म्हणून ठिणगीचा मामा काच आणायला गेला.

मामा त्या जुन्या चर्चच्या रंगीत खिडक्या दुरुस्त करायचा. त्याच्याबरोबर बांबूच्या उंच परांचीवर चढायला ठिणगी जीव टाकत होती. पण मध्येच कडमडली होती तिची मावसबहीण, चष्मिस! तिची चित्रं पाहून मामा म्हणायचा, “काय रेष आहे!” ठिणगीची चित्रं मात्र नुसती “बरी”. बरी! ठिणगीचा नुसता जळफळाट व्हायचा.

आणि आज आयतीच संधी चालून आली.

“बघा, बघा!” ती ओरडली. “हिच्या वहीत मेंढपाळाचं कोकरू डाव्या खांद्यावर आणि खिडकीत उजव्या! मोठी आली चित्रकार!”

“काच उतरवायच्या आधी समोर बसून काढलं होतं गं...” चष्मिस वही मिटत म्हणाली. “चुकलंच असेल.”

ठिणगीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ शेपूट म्हणाला, “ताई, हा मेंढपाळ मेंढ्यांकडे पाठ करून का उभा आहे?”

ठिणगीनं वर पाहिलं. खरंच! शेजारच्या काचांतल्या सगळ्या मेंढ्या त्याच्याकडे बघत होत्या आणि हा बाबा भिंतीकडे! म्हणजे चित्र बरोबर होतं. काचच उलटी बसली होती! परवा मामा तापानं पडला होता, तेव्हा त्याच्या मुकादमानं ती घाईघाईनं बसवली होती.

गप्प बसलं तर? चष्मिस चुकली, असंच मामाला वाटेल. ठिणगी गप्प बसली. चांगली दोन मिनिटं बसली! पण मामानंच शिकवलं होतं, काचेवरचा खरबरीत रंग आतल्या अंगाला हवा. बाहेर गेला की ऊनपाऊस तो खाऊन टाकतो. आणि या खिडकीची परांची तर आजच उतरणार होती.

“तुझं चित्र बरोबर आहे,” ती कशीबशी म्हणाली आणि मुकादमाकडे धावली.

“काका, काच उलटी बसलीय!”

“ए पोरी, पळ! वीस वर्षं हेच करतोय मी!”

“मग डोळे मिटून, नुसत्या हातानं ओळखाल परवाची काच?”

“हॅ! त्यात काय!” मुकादम परांचीवर चढला. डोळे मिटून तो काचांवर आतल्या बाजूनं बोटं फिरवू लागला. “खरबरीत... खरबरीत... ही गुळगुळीत. हीच!”

“मग हिचा रंग कुठं गेला, काका?”

मुकादमानं डोळे उघडले. चेहरा पाहण्यासारखा झाला होता!

चार वाजता मामा आला, तेव्हा काच पुन्हा उतरली होती. त्यानं वही पाहिली, सगळी हकीकत ऐकली.

“हाताखाली चष्मिस,” तो म्हणाला. ठिणगीनं ओठ चावला. “आणि मुकादम, यापुढे ठिणगीनं हात फिरवून ‘हं’ म्हटल्याशिवाय एकही काच पक्की करायची नाही! इतक्या मोठ्या माणसांत हिलाच उमगलं.”

“जी,” मुकादम खालमानेनं म्हणाला.

“मला फक्त ब्रश धुवायचे आणि हिचं मुकादमही ऐकणार?” चष्मिस फुरंगटली. “हे बरंय!”

आजवर ठिणगीवर कधी कुणी जळलं नव्हतं. तिला ते इतकं आवडलं, की तिनं चष्मिसला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं!