उतरली का रं?

लाइट गेलीय तर जाऊ द्या. ती मोबाईलची बत्ती आधी बंद करा, डोळ्यात घुसतेय. गोष्ट ऐकायची असेल तर अंधारात ऐका, नाहीतर खाली जाऊन झोपा. आणि मधेच "मग काय झालं, मग काय झालं" करायचं नाही.

हे बघा, मी भुतं मानतो. पण लोक सांगतात त्या भुतांच्या गोष्टी मानत नाही. त्यातली निम्मी भुतं बाटलीतून निघालेली असतात. ही गोष्ट मात्र भारतची आहे. आपल्या खालच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचा, शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होता, तोच. बिचारा इतका सरळ की खोटं बोलायची वेळ आली तर बोलण्याआधीच कान लाल व्हायचे. त्यानं मला हे सांगितलं तेव्हा त्याचे कान मी नीट बघून घेतले होते.

डिसेंबरचा शेवटचा शनिवार होता. सोमवारी सोमवती अमावास्या. थंडी मरणाची. भारत संध्याकाळी सात रस्ता चौकात बटणं आणायला गेला. कारखान्यातली पांढरी बटणं संपली होती, एवढंच काम. दिवाळीत गाडीवरून पडून त्याच्या डाव्या पायाला प्लास्टर घातलं होतं, ते निघून आठवडा झाला असेल. प्लास्टर काढलं की पाय काटकुळा झालेला असतो. याचा उलट फुगला होता. चपलेचा पट्टा बसेना. बटणवाला म्हणाला, "मास्तर, पाय दाखवा आधी. बटणं कुठं पळून जात नाहीत." म्हणून तो समोरच्या दवाखान्याचा जिना चढला. चढताना पोटरी ठणकत होती.

डॉक्टरांनी दोन्ही पोटऱ्या बघितल्या, हळूच हात लावून बघितला आणि खुर्चीत मागे टेकले.

"रक्ताची गाठ असू शकते. नक्की सांगत नाही. रक्त तपासायला पाठवतो, पण पायाची सोनोग्राफी झाल्याशिवाय खरं कळणार नाही, आणि ती होणार सोमवारी सकाळी. तोवर रक्त पातळ करायचं इंजेक्शन देतो, उद्या परत येऊन घ्या. छातीत दुखलं, दम लागला तर सोमवारची वाट बघू नका. मध्यरात्र असली तरी मोठा दवाखाना गाठा."

भारत मान हलवत होता.

"आणि पाय चोळायचा नाही. तेल नाही, रगडणं नाही, कुणाला दाबायला लावायचं नाही."

"का हो?"

"गाठ सुटली तर वर फुफ्फुसात जाते. मग आमच्याही हातात फारसं काही राहत नाही."

भारत खाली उतरला आणि शेवटच्या पायरीवर बसून राहिला. बटणांची पिशवी मांडीवर. माणसांनी त्याला ओलांडून ये-जा केली. तो स्वतःच्या पायाचा विचार करत नव्हता. त्याला त्याचा बाप आठवला होता.

बाप म्हणजे तात्याबा. सांगोल्याकडच्या एका वाडीवरचा मेंढपाळ. बारा वर्षांपूर्वी एडक्यानं धडक दिली, कंबर गेली आणि महिनाभर बाजेवर पडून राहिला. मग एक पाय सुजला. आता वाडीवर पाय सुजला की दवाखाना आठवत नाही, गोजाबाई आठवते. गोजाबाई म्हणजे तात्याबाची बहीण, भारतची आत्या. ती पायाळू होती. म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आले होते. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण, लचक जाते, हे तुमच्या आजोबांना विचारा, मला विचारू नका. पाच गावची माणसं तिच्याकडं यायची. ती आधी वाटीत करंजेल कोमट करायची, हातानं चोळायची, मग वर पाय ठेवायची आणि विचारायची, "उतरली का रं?" दुखणाऱ्यानं "उतरली" म्हटल्याशिवाय ती सोडायची नाही. अशी तिची रीतच होती.

तात्याबाचा पाय तिनं संध्याकाळपासून रात्रीपर्यंत चोळला. बहिणीचे हात दुखत असतील म्हणून म्हणा, नाहीतर खरंच बरं वाटलं म्हणून म्हणा, तात्याबा म्हणाला, "उतरली गं." पहाटे तो उठून बसला, छातीवर हात ठेवला आणि गेला. लोक म्हणाले, झटका आला. गोजाबाई पुढं दहा वर्षं जगली, आणि भेटेल त्याला एकच सांगत राहिली, "माजा भाऊ गेला, पर जाताना पाय दुकत न्हवता त्येचा. म्या उतरवली हुती." म्हातारपणी तेवढाच आधार होता तिला. तो आधार घेऊनच ती मेली.

आणि त्या पायरीवर बसल्या बसल्या भारतला कळलं, की बापाला आत्यानं मारलं. प्रेमानं मारलं.

त्यानं घरी बायकोला फक्त गाठीचं सांगितलं. अंकिताचा चेहरा उतरला, पण बाई धीराची. "सोमवार काय लांब हाय व्हय? इंजेक्शन दिलंय न्हवं?" म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. तरी रात्री तिच्याही तोंडून निघालंच, "जरा कोमट तेल लावू का हो?" भारत असा ओरडला की शेजारी दिवे लागले.

रविवार कसा गेला ते त्याचं त्यालाच माहीत. इंजेक्शन घेऊन आला आणि पलंगावर पडला, पाय दोन उशांवर. मग त्यानं काय करावं? गळ्यातला टेप काढला आणि पोटरी मोजली. खडूनं खूण केली, म्हणजे पुढच्या वेळी तिथंच मोजता येईल. थोड्या वेळानं परत मोजली. सूतभर वाढल्यासारखी वाटली. परत मोजली, तर तेवढीच. मग चांगला पाय मोजला. मग श्वास खोल घेऊन बघितला, छातीत कुठं कळ येते का. कळ नव्हती, पण शोधायला लागलं की छातीत काय काय सापडतं! मोबाईलवर वाचत बसला, तेव्हा अंकितानं मोबाईल काढून घेतला आणि डब्यात ठेवला. मन चिंती ते वैरी न चिंती. खरंय बाबा. मीही खाली जाऊन बसलो होतो तासभर, भलत्याच गप्पा मारल्या. तो हसला नाही. नुसता टेप गुंडाळत होता.

रात्री अंकिता आतल्या खोलीत झोपली. आदली रात्र जागून काढल्यानं तिला मेल्यासारखी झोप लागली. भारत बाहेरच्या लोखंडी पलंगावर. खाली लग्नातली चादर अंथरलेली. आपली सोलापुरी, जाडजूड. बारा वर्षं दगडावर आपटून धुतली तरी तिचा एक दोरा निघाला नव्हता. छोटा दिवा चालू होता. त्यानं शेवटचं मोजलं, टेप उशाशी ठेवला आणि मनाशी म्हणाला, एवढी रात्र. फक्त एवढी रात्र काढायची.

बारा वाजून गेले. मग छोटा दिवा गेला.

लाइट गेली असेल, असं त्याला वाटलं. पण खिडकीतून रस्त्यावरचा खांब दिसत होता. तो चालू होता.

मग वास आला.

करंजेलाचा. कोमट केलेल्या.

त्याला वाटलं, अंकिता ऐकत नाही, तेल तापवतेय. त्यानं हाक मारली. आतून तिचं घोरणं ऐकू आलं. तेवढंच.

जमिनीवर वाटी ठेवल्याचा आवाज झाला. टण्ण.

पलंगाचं पायथ्याकडचं टोक कुरकुरलं. आणि दबलं. कुणी बसतं तसं.

भारतला उठायचं होतं. उठता येईना. मान वळवायची होती. वळेना. पोटरीवर ऊब जाणवायला लागली. हात लागला नव्हता. नुसती ऊब... तळहात जवळ आणल्यावर लागते तशी.

"कुटं दुकतंय रं?"

आवाज तोच. दोन वर्षांपूर्वी मातीत घातलेला.

"न्हाय... न्हाय दुकत, आत्या."

पायथ्याशी काहीच हललं नाही. ऊब तिथंच.

"उतरली का रं?"

सोपं होतं, बघा. एक शब्द. हा शब्द ऐकला की ती सोडायची, सगळ्या गावाला माहीत होतं. भारतनं तो म्हटला.

"उतरली."

अंधारातसुद्धा त्याचे कान तापले.

...

"सुजलाय की, लेकरा," ती म्हणाली. माया होती आवाजात, हेच वाईट. "तात्याबा बी आसंच म्हनला हुता."

आणि एक बोट पोटरीला लागलं.

एकच. तेलकट. कोमट. बरोबर खडूच्या खुणेवर. ते गुडघ्याकडं सरकलं... थोडंसं. भारतनं श्वास धरला. छातीत धडधड होत होती, ती भीतीची का दुसरी कसली, ते त्याला कळेना. आत बायको झोपली होती. सकाळ व्हायची होती. आणि आता खोटं बोलून भागणार नव्हतं.

खरं सांगायचं म्हणजे काय, ते त्याला माहीत होतं. म्हातारीजवळ एकच गोष्ट होती. तीही काढून घ्यायची.

"आत्या, हात काड."

"का रं? तुज्या बापाचा पाय म्या आसाच..."

"तू चोळलास म्हनून गेला त्यो."

...

"रक्ताची गाठ हुती पायात. तू चोळलीस आन् ती सुटली. छातीत गेली. डाक्टरनं सांगितलं मला." तो रडायला लागला होता. "तुला म्हाईत न्हवतं, आत्या. कुनालाच म्हाईत न्हवतं. पर तसंच झालं. माजीबी सुटंल. मला मारू नगंस..."

बोट उचललं गेलं.

रडणं नाही. ओरडणं नाही. पायथ्याकडून एकच आवाज आला.

"हं."

आपल्याला कुणी पत्ता सांगितला की आपण म्हणतो ना, तसा. समजला, म्हणून.

बस. पुढं ती बोलली नाही.

पण पलंग वर आला नाही. वजन तसंच होतं. पायथ्याशी. वास तसाच. भारत पडून राहिला, डोळे मिटून. ती आता काय करेल? ऊब पोटरीजवळ यायची... मागं जायची. परत यायची. थरथरत. मग एक वेगळाच आवाज सुरू झाला. बारीक. ताणल्याचा. कापडाचा होता तो, जन्म कापडात गेलेल्या माणसाला काय कळणार नाही? पण कापड ताणतंय कोण आणि कशासाठी, हे बघायला त्यानं डोळे उघडले नाहीत.

रात्रभर.

पहाटे दूधवाल्याची गाडी वाजली. पलंग हलका झाला.

सकाळी मीच त्याला रिक्षात बसवलं. सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी पायावरून यंत्र फिरवलं, पडद्याकडं बघितलं आणि विचारलं, "पायाला कुणी हात लावलाय का? चोळलाय?" अंकिताच म्हणाली, "न्हाय मॅडम, मला त्यांनी शिवूसुदा दिला न्हाय." बाई म्हणाल्या, "वाचलात. गाठ मोठी आहे, आणि वरचं टोक सुटं आहे, हे बघा, हलतंय. रगडलं असतंत तर इथं आला नसतात." मग दवाखान्यात भरती, मग कित्येक महिने गोळ्या. पाय बरा झाला. आता गावाकडं नवीन दुकान टाकलंय त्यानं. तात्याबाचं खरं मात्र त्यानं गावात कुणाला सांगितलं नाही. तिकडं अजून लोक म्हणतात, जाताना तात्याबाचा पाय मोकळा होता, गोजाबाईची पुण्याई. म्हणू देत.

हां, चादर राहिली.

त्याला दवाखान्यात ठेवून अंकिता संध्याकाळी घरी आली, पलंगावरचं अंथरूण काढलं आणि मला हाक मारली. नुसतं "काका" म्हणाली. मी गेलो. तिनं चादर दिव्याखाली धरली. पायथ्याकडं, जिथं भारतची पोटरी होती तिथून चार बोटं अंतरावर, तेलाचे दोन पंजे उमटलेले. शेजारी शेजारी, हात पुढं जाऊ नयेत म्हणून खाली दाबून धरावेत तसे. आणि प्रत्येक बोटाच्या टोकाशी भोक. आरपार. खालच्या गादीतसुद्धा नखं गेली होती.

चादर त्यानं टाकू दिली नाही, आणि कटिंग मास्तर असून त्या भोकांना कधी टाका घातला नाही. गावाला जाताना पेटीत सगळ्यात खाली ठेवली. त्याआधी मी एकदा मागून घेतली होती, आणि त्या भोकांत माझी बोटं घालून बघितली.

बसली नाहीत. भोकं फार बारीक होती, म्हातारीच्या बोटांएवढी. आणि कडेचं तेल अजून कोमट लागत होतं.