पावाचा दोर

लाल रोपवेचा डबा हवेत मधोमध थांबला, तेव्हा आत तिघंच होते. नोएमी, एक वाटाड्या, आणि त्या वाटाड्याच्या हेल्मेटमध्ये मनापासून ओकणारा एक डॅनिश पोरगा.

बाहेर गारा कोसळत होत्या. बरोब्बर खाली दफनभूमी होती. रोपवे बांधणाऱ्यांना मार्ग दुसरीकडूनही नेता आला असता, पण ला पाझमध्ये कुठूनही कुठेही जायचं तर वाटेत मेलेले लागतातच.

"घाबरू नका," वाटाड्या म्हणाला. "पडलोच, तर पुढची धावपळ वाचेल."

"मी घाबरलेली नाही," नोएमी म्हणाली. तिने दांडा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

"दांडा घाबरलाय मग." त्याने खांद्यावरच्या वेटोळ्यातून दोराचं एक टोक सोडवून तिच्या हातात दिलं. "हात रिकामे ठेवले की भीती तिथं येऊन बसते. हं, असा आठ काढा. आता त्याच वाटेने माघारी... अहं, माघारी म्हटलं ना!"

त्याच्या बोटांना कोकाच्या पानांचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. गाठ बसेपर्यंत ती बोटं तिच्या बोटांवर गरजेपेक्षा थोडी जास्तच रेंगाळली.

"ओढली की ही आणखी घट्ट होते," तो म्हणाला. "आणि सोडायची म्हटली तर कुरकुर न करता सुटते."

"अशी माणसं नसतात."

"मी विल्मेर," तो म्हणाला.

डबा हलला. डॅनिश पोराने हेल्मेट साभार परत केलं.

नोएमी पाठपिशवीवाल्यांच्या एका हॉस्टेलात चहा-नाश्ता बघायची. इथे विमानातून उतरलेला माणूस प्रेमात पडल्यासारखा दिसतो. धाप लागते, डोकं दुखतं, जेवण जात नाही. कोकाचा काढा पाजला की दोन-तीन दिवसांत उतरतं. नोएमीचा जन्मच या उंचीवरचा, तरी त्या आठवड्यात तिला तिन्ही लक्षणं दिसायला लागली. काढ्याने काही उतरलं नाही.

विल्मेर वायना पोतोसीच्या बर्फाळ शिखरावरून गिऱ्हाइकं उतरवून आणायचा आणि थेट तिच्या स्वयंपाकघरात शिरायचा.

"कॉफी. साखर घालून."

"ही कॉफी नाही, पाक आहे," ती सातवा चमचा ढवळत म्हणायची. "घरी आई देते का एवढी?"

"आईला वाटतं मला शेंगदाण्याचं सूप आवडतं."

"आवडत नाही?"

"जन्मापासून पितोय. आता सांगायला फार उशीर झालाय."

असा अख्खा हंगाम गेला. नजरा, टोमणे, ओट्यावरून सरकवलेला कप... पुढे कुणीच सरकलं नाही. ऑक्टोबरात ढग यायला लागले, वाटाड्यांनी दोर धुऊन वाळत घातले. आणि तेव्हाच लांब पायांचा एक पोरगा येऊन हटून बसला. त्याला शिखर हवंच होतं. परतीचं विमान ठरलेलं होतं, आणि शिखराशिवाय घरी काय तोंड दाखवणार?

"ह्याला चढवून उतरवतो," विल्मेर दारात उभा राहून म्हणाला. "मग आईकडे जाऊ. वर, एल आल्तोला. येशील?"

"कशाला?"

"बटाटे सोलायला."

"बटाटे तर इथेही सोलते मी."

"तिथले आईच्या देखत सोलायचे असतात." तो हसत नव्हता; होणारी सून तिथे अशीच पारखतात. "येशील का... सांग ना."

तिचं उत्तर जिभेवर तयार होतं. पण तयार उत्तर लगेच देणारी बाई त्या गल्लीत अजून जन्मायची होती. "आधी खाली ये. मग सांगते."

"आत्ता सांगितलंस तर काय बिघडेल?"

"वर जाताना ओझं कमी असावं. तूच सांगतोस ना सगळ्यांना?"

तो मान डोलावून गेला.

लांब पायांचा पोरगा दोन काळ्या पडलेल्या बोटांनिशी परत आला. पायाखालचा बर्फ फाटला, विल्मेरने त्याला पलीकडे ढकललं आणि स्वतः आत गेला. शोधायला गेलेल्यांना भेगेच्या कडेशी दोराचं तुटकं टोक मिळालं. मग बर्फ पडायला लागला तो थांबेना, आणि भेग मिटली.

पोरगा ठरलेल्या विमानाने गेला. पुढे त्याने हॉस्टेलबद्दल अभिप्राय लिहिला: पर्वत अप्रतिम. वाटाड्या फार मदत करणारा होता. नाश्ता थोडा गार.

नोएमीने तो वाचला आणि दुसऱ्या दिवसापासून नाश्ता गरम द्यायला लागली. दुसरं काय करणार?

आमच्याकडे जिवंत माणसं कधीच वेळेवर येत नाहीत. मेलेले मात्र एक नोव्हेंबरला दुपारी बाराच्या ठोक्याला घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला निघतात. त्यांच्यासाठी काळं कापड अंथरून टेबल मांडायचं, आवडीचे पदार्थ ठेवायचे, पावाच्या बाहुल्या ठेवायच्या. पण टेबल घरच्यांनी मांडायचं. जिने 'हो' म्हटलेलंच नाही, तिने कुठे मांडायचं? आणि उत्तर तर तो निघायच्या आत, दोन तारखेच्या बाराआधी द्यायला हवं होतं.

एक वाट होती. प्रार्थना म्हणायला कुणीही, कुठल्याही घरात शिरू शकतं. त्याबद्दल पाव मिळतात. गल्लीतल्या भट्टीवर बायका बाहुल्या भाजत होत्या, त्यांच्यात बसून नोएमीने आपलं पीठ मळलं, काय ते भाजलं, शालीत गुंडाळलं, आणि दोन तारखेला सकाळी लाल रोपवेने वर गेली.

विल्मेरच्या आईच्या, डोन्या बासिलियाच्या दारावर काळी फीत होती. नोएमी आत गेली, गुडघ्यांवर बसली, प्रार्थना म्हणाली. म्हणता म्हणता टेबल पाहिलं. उसाच्या कमानीखाली विल्मेरचा शाळेतला फोटो. चार बाहुल्या, गुलाबी गालांच्या आणि निळ्या डोळ्यांच्या, अगदी पाठपिशवीवाल्यांसारख्या. आणि मोठा वाडगा भरून शेंगदाण्याचं सूप.

"छान म्हणालीस, पोरी," डोन्या बासिलिया पाव पुढे करत म्हणाली. "घे."

"कॉफी नाही ठेवली?" नोएमीच्या तोंडून गेलं.

"काय?"

"सात चमचे साखर घालून."

"माझा मुलगा कॉफी पीत नाही."

"पितो. आणि... सूप त्याला आवडत नाही."

दोन शेजारणी प्रार्थना विसरल्या.

"एवढा मोठा झाला तो या सुपावर!" म्हातारी कडाडली. "वाडगा चाटून पुसून ठेवायचा!"

"तुम्हाला भिऊन!"

"तू कोण गं, मला सांगणारी?"

नोएमीने शाल उलगडली. आत खरपूस भाजलेला, हाताएवढा लांब, तीन पेडांचा पावाचा दोर होता. टोकाला आठाची गाठ.

"हे काय? शिडी ठेवलीय ना मी." डोन्या बासिलियाने पावाच्या शिडीकडे बोट केलं. "सगळे शिडी ठेवतात. आत्मा वरून उतरतो शिडीने."

"तो वर नाहीये, डोन्या बासिलिया." नोएमी म्हणाली. "खाली आहे... भेगेत. उतरायचं नाहीये त्याला. चढायचंय."

म्हातारी शिडीकडे बघत राहिली. मग तिने ती उचलली आणि शेजारणीच्या पदरात टाकली. "घेऊन जा. पोरांना दे."

उसाच्या कमानीला दोर तिने स्वतः टांगला, टोक फोटोपर्यंत सोडलं. "धरेल ना ही गाठ?"

"ओढली की आणखी घट्ट होते. त्यानेच शिकवली."

बारा वाजायला आले होते. नोएमी फोटोतल्या शाळकरी पोरापुढे उभी राहिली. तो तिला ओळखतही नव्हता.

"हो," ती मोठ्याने म्हणाली. "हो म्हणतेय मी. ऐकतोयस ना?"

"कशाला हो?" डोन्या बासिलियाने विचारलं.

"त्याने विचारलं होतं... तुमच्याकडे येशील का म्हणून."

म्हातारीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, बाजारात बटाटे पारखावे तसं.

"मग?" ती म्हणाली. "आलीस की."

घंटा वाजायला लागली. डोन्या बासिलियाने सुपाचा वाडगा बाजूला सारला, आत जाऊन कपभर कॉफी आणली आणि साखरेचा डबा नोएमीपुढे आपटला.

"घाल तू. माझ्याच्याने बघवणार नाही."

बारानंतर रीतीप्रमाणे टेबल मोडलं, बाहुल्या आणि पाव शेजारपाजारी वाटले. दोराला कुणी हात लावू लागलं की म्हातारी खेकसायची. वाडग्यातलं गार सूप दोघींनी मिळून प्यायलं. ते खरंच वाईट होतं.

"तीन वर्षं मांडावं लागतं हे टेबल," दारापर्यंत पोचवायला आलेली डोन्या बासिलिया म्हणाली. "पुढच्या वर्षी आदल्या दिवशीच ये. पीठ भिजवायला." आणि मग, दुसरीकडेच बघत, "दोर जरा लांब कर. तो बराच खोल आहे."