तीन नंबरची उसण

“आई, उसण भरलेले सगळे तीन नंबरच्या गोदामातलेच कसे गं?” असं अबोलीने विचारलं, तेव्हा केतकीने ते हसण्यावारी नेलं होतं.

अबोली पायाळू (जन्मताना आधी पाय बाहेर आलेली). पायाळूने पाठीला पाय लावला की उसण (पाठीत अचानक भरणारी कळ) उतरते, असं जालन्यातून मंगळावर बियाणं जायला लागलं तरी लोक म्हणतच होते. त्या वर्षी तिच्याकडे सतरा जण आले. अठरावा अबोलीचा बाबाच निघाला, दिगंबर.

गोदामाचा मुकादम म्हणाला, वाकायचं कसं ते याला कळत नाही, चूक याचीच. सोमवारी कामावर ये. केतकीला वाटलं, पुन्हा तशीच बियाण्याची गोणी ओढली, तर हा उठेल का?

तिला अबोलीचा प्रश्न आठवला, आणि मायलेकी गोदामातल्या तोलाजीकडे गेल्या. तोलाजी म्हणजे वजनं करणारा म्हातारा रोबो, बोलणं झोपेतल्यासारखं संथ. त्याने अबोलीच्या हातात पाण्याची बाटली दिली. छातीशी धरली, तर हलकी. हात लांब केला, तर जड.

“बाटली तीच. मग जडपणा आला कुठून?”

“लांबून,” अबोली पुटपुटली.

तोलाजीने समजावलं, की वाकलेली पाठ म्हणजे तरफ (टेकूवर फिरणारा दांडा). तिला मागून ओढून धरणारे स्नायू कण्यापासून जेमतेम पाच सेंटीमीटरवर, आणि गोणी पन्नासवर. अंतर दहापट, म्हणून ताणही दहापट. तीस किलोची गोणी, पण स्नायूंवर तीनशेचा भार.

“मंगळावर तीच गोणी साडेअकरा किलोची वाटेल, पोरी. इथे मात्र पृथ्वी आहे.”

“मग बाबा ती अंगाजवळ का धरत नाही?”

गोण्या पुढे आणणारा पट्टा होळीपासून बंद होता, त्यामुळे खोल फळीवरून हात लांबवूनच त्या ओढाव्या लागत. तोलाजीने मालकांना तीनदा कळवलं होतं.

“फळी काय बाबाने लावली?” अबोली म्हणाली.

“नाही. जो काम सांगतो, त्यानेच ते इजा न होता होईल असं बघायचं. याला दायित्व (कायद्याने अंगावर येणारी जबाबदारी) म्हणतात.”

केतकीने अठरा नावं आणि तोलाजीच्या तीन नोंदी मालकांपुढे ठेवल्या. ते फळीपाशी गेले, हात लांबवून गोणी ओढू लागले आणि अर्ध्यात थांबले. सोमवारी तीन नंबर बंद राहिलं. पट्टा सुरू होईपर्यंत कुणी गोणीला हात लावला नाही, आणि अठराही जणांच्या उपचारांचा खर्च मालकांनी आपल्या अंगावर घेतला.

आता गोण्या पाण्यावरच्या होड्यांसारख्या तरंगत पुढे येतात. अबोलीच्या पायाला काम उरलेलं नाही.

तुमच्या घरीही कुणी कमरेवर हात ठेवून कामावरून येतं का? आज त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, त्यांची फळी किती लांब आहे.