जोत्याखालची भर

काम तसं साधं होतं. एक ट्रक राडारोडा जुन्या बाजारातून उचलायचा आणि गावाबाहेर एका नव्या घराच्या जोत्यात नेऊन ओतायचा. आज दुपारी चरात मडकं लागलं तेव्हा तुमच्यातलाच एक जण म्हणाला ना, "काका, माती लोटा वर आणि मोकळे व्हा"? म्हणून सांगतोय. नाहीतर ही गोष्ट मी काढत नाही.

आमचा एक मुकादम होता. कामाला वाघ, पण घाई पाचवीला पुजलेली. त्या बाजारात पाण्याची लाइन टाकत होतो. जुनं गाव, चार हात खणलं की काहीतरी लागायचंच. नियम सरळ होता : हाडं लागली की काम बंद, पुरातत्त्ववाल्यांना बोलवायचं. मग ते कुंचे घेऊन सहा महिने बसणार. आणि तिथल्या नळांना दोन वर्षं पाणी नव्हतं.

एका संध्याकाळी चरात बाई लागली. सांगाडा. कुशीवर निजलेली, आणि तिच्या दंडावर डोकं ठेवून पाच-सहा वर्षांचं पोर. मुकादमाने वाकून बघितलं आणि विचारलं, "कुणी पाहिलं का?" आम्ही तिघं होतो. तिघांनीही पाहिलं नाही.

बाई खोल होती, ती पाइपाखाली खपून गेली असती. पोर आडवं येत होतं. त्याने ते फावड्याने उचललं. आईचा दंड अडकला, तर त्यावर फावडं मारलं. पोर राडारोड्यात गेलं आणि राडारोडा मुकादमाच्याच नव्या घराच्या जोत्यात. "आयती भर मिळाली," म्हणाला.

ट्रक कुणी नेला, विचारतोस?

...पाणी दे रे जरा.

वर्षभरात घर उभं राहिलं. मुकादमाची एक मुलगी होती, सहा वर्षांची. दाढ किडली म्हणून डॉक्टरांनी तिच्यावर चांदीची टोपी बसवली होती. मी गेलो की आ करून दाखवायची, "काका, माझी चांदी बघा." मला फार आवडायची ती.

नव्या घरात तिसऱ्याच दिवशी ती आईला म्हणाली, "आई, कुणीतरी फरशी चाचपतंय. खालून."

आधी पुढच्या खोलीत. मग स्वयंपाकघरात. मग मुलीच्या खोलीत. बायको म्हणाली, "अहो, एकदा उकरून तरी बघा." मीही त्याचे पाय धरले. म्हटलं, ते पोर काढ, जिथलं तिथे नेऊन ठेव. तो हसला. "उंदीर आहेत. उंदरांसाठी नवी फरशी फोडू?"

अकरा मार्च. मंगळवार. रात्री पावणेदोन.

मायलेकी एका पलंगावर होत्या. आवाज आला. पलंगाखाली थांबला. आईने मुलीला घट्ट धरलं.

मग आईचा हात... कुणीतरी उचलला. सावकाश. निजलेलं लेकरू जागं होऊ नये म्हणून उचलतात तसा.

तिने दिवा लावला.

गादी उबदार होती. दाराला आतून कडी होती.

मुलगी नव्हती.

त्याच रात्री त्याने अख्ख्या घराची फरशी फोडली. माती हाताने चाळली. त्या पोराची हाडं सापडली. सगळी सापडली. आपली लेक नाही सापडली. हाडं पोत्यात घालून तो पहाटे बाजारात गेला. पण रस्त्यावर काँक्रीट पडलं होतं. रोज जायचा. पोतं मांडीवर घेऊन बसायचा.

पावसाळ्यानंतर तिथेच पाइप फुटला. रस्ता उघडला. या खेपेला पुरातत्त्वच्या मॅडम आल्या. मुकादम काठावर बसला होता, पोतं घेऊन.

बाई तशीच कुशीवर होती. दंड मोडलेला.

दंडावर पोर होतं.

मॅडमनी कुंचा फिरवला. "मायलेकरू आहे," म्हणाल्या. "तीनशे वर्षं तरी झाली असतील." मग बॅटरी जवळ नेली. जबड्यात पाहिलं. बराच वेळ...

"हा चर आधी कुणी उघडला होता का?"



मागच्या दाढेवर चांदीची टोपी होती.