आठव्या वर्षाचं मराठी

"मला मातृभाषा उरलेली नाही," खुर्चीत बसल्याबसल्या त्याने मला इथल्या, या परक्या देशाच्या भाषेत ऐकवलं. "त्या दुःखावर माझा कवितासंग्रह आहे."

मी दातांची डॉक्टर. दुखऱ्या दाढेला हात लावला मात्र, कवींच्या तोंडून अस्सल मराठीत निघालं, "आई गं..."

"उरलीय की थोडी," मी मराठीत म्हटलं. "आता आ करा."

भूल दिलेला माणूस उलट उत्तर देत नाही, म्हणून मी मनसोक्त मराठी बोलून घेतलं. तो नुसता डोळ्यांनी हसत होता. डोळे मात्र — जाऊ दे, माझं काम दातांशी.

दाढ बरी झाली, तरी स्वारी येतच राहिली. आठव्या वर्षी तो इकडे आला आणि त्याचं मराठी तिथेच थांबलं. बोलायला एकटी आई, त्यामुळे वाक्यं सगळी तिचीच. अहोजाहो तर ठाऊकच नाही. कॉफी प्यायला गेलो, तर मला, दातांच्या डॉक्टरला, विचारतो, "हात धुतलेस?" आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या मॅडमही मराठी, पण भारी करड्या; त्यांना जाताजाता म्हणाला, "शहाणं गं माझं सोनं." मॅडम दिवसभर गालात हसत होत्या.

इथल्या भाषेत मात्र गडी लोण्यासारखा. पुस्तकांच्या दुकानात त्याने कविता वाचल्या, तेव्हा बायका विरघळल्या. मीही विरघळले, आणि त्याचाच मला राग आला.

बाहेर पायरीवर तो त्याच भाषेत सुरू झाला, "तुझ्या मौनाच्या काठावर मी —"

"हे आधी कितीजणींना म्हणालायस?"

"...दोघींना."

"मग मला मराठीत सांग."

"हसशील."

"हसेन. पण ऐकेन."

माझा जीव टांगणीला लागला. पुन्हा ते लोणी काढलं असतं, तर मी निघून गेले असते, आणि मला तर अजिबात जायचं नव्हतं.

त्याने घसा खाकरला. कानापर्यंत लाल झाला. मग दोन बोटं जोडून माझ्यापुढे धरली.

"माझ्याशी गट्टी करशील? कायमची... मी कध्धीच कट्टी घेणार नाही. आईशप्पथ."

हसायचं ठरवलं होतं, पण डोळेच भरून आले. मी माझी दोन बोटं त्याच्या बोटांना लावली.

"गट्टी," मी म्हटलं. "जन्माची."

त्याने माझा हात घट्ट धरला. काहीतरी खूप गोड बोलावं म्हणून बराच वेळ शब्द शोधत राहिला.

"गार वारा सुटलाय," शेवटी म्हणाला. "कान झाक बघू."

मी मुकाट्याने कान झाकले.