तारांगणाचे सोयरे

कल्पना करा, तुम्हाला गावाला जायचंय, पिशवी एकच आहे, आणि तिच्यात अख्खी प्रयोगशाळा बसवायचीय. काय घ्याल? घाई नको. चारुलतासुद्धा अशीच विचार करत बसली होती...

अमळनेरच्या कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची. खेड्यातल्या शाळांच्या जुन्या, इंटरनेट नसलेल्या संगणकांसाठी ती विज्ञानाची वेगळी लिनक्स संगणकप्रणाली तयार करत होती. एका छोट्या पेनड्राइव्हवर मावेल एवढीच. त्या दुपारी दोंडाईच्याचा भूपेंद्र प्रिंटर दुरुस्त करायला आला आणि शिपायाने त्याला चुकून तिच्या खोलीत पाठवलं. तो पडद्यावरच्या प्रोग्रामांच्या लांबलचक यादीत डोकावला.

"एवढं वऱ्हाड उतरवणार कुठे?"

तिला हसू आलं. खरंच होतं ते. प्रोग्रामचं एक पॅकेज निवडलं, की ज्यांच्यावाचून त्याचं पान हलत नाही अशी बाकीची मागोमाग येतात. नवरदेवामागे सोयरे यावेत तशी.

मग तो दर शनिवारी येऊ लागला — प्रिंटर धडधाकट असतानाही. तिच्या उजव्या हातात माऊस असे, म्हणून चहाच्या कपाचा कान तो तिच्या डाव्या हाताकडे वळवून ठेवी. ती बघून न बघितल्यासारखं करी...

आलेखाच्या पॅकेजवर दोघांचं एकमत होतं. उरलेल्या जागेत मात्र त्याला रेणू फिरवून दाखवणारं हवं होतं, तिला तारांगण. खेड्यात आकाश फुकट दिसतं, असं त्याचं म्हणणं. शाळा दिवसा भरते, एवढंच ती म्हणाली, आणि तारांगण घातलं.

भडगावच्या शाळेत ते दाखवायचा दिवस उजाडला. पसंत पडलं तर तालुक्यातल्या सगळ्या शाळांना मिळणार होतं. भूपेंद्रने पेनड्राइव्ह लावला. सहावीतली पुनम आलेख उघडायला गेली... उघडेना. मुख्याध्यापक गिरधर नाना घड्याळ बघू लागले.

भूपेंद्रचा चेहरा उतरला. आदल्या दिवशी त्याने गुपचूप तारांगण काढून रेणू घातले होते. जागा पुरेना, म्हणून तारांगणाचे सोयरेही हाताने पुसले होते. त्यातलाच एक आलेखाचाही सोयरा निघाला.

चारुलताने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मग पर्समधून आधीचा, तारांगण असलेला पेनड्राइव्ह काढून शांतपणे लावला. आलेख उघडला. आकाशही उघडलं. नानांनी बठ्ठ्या, तालुक्यातल्या सगळ्याच शाळांसाठी होकार दिला आणि ते चहा सांगायला गेले.

पुनमने विचारलं, "मॅडम, कोणत्याबी दिवसनं आकाश दिसस का?"

चारुलताने तारीख कशी बदलायची ते तिला दाखवलं आणि ती खिडकीपाशी आली. भूपेंद्र तिथेच उभा होता.

"तुम्हाला विचारल्याशिवाय पुन्हा काही काढणार नाही," तो हळूच म्हणाला.

"आज काही विचारायचंय?"

"आहे... पण ते तुमच्या घरी येऊन. आईला घेऊन. तुळशीचं लग्न झालं की — येऊ?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"या. मात्र सोयरे गाळू नका."

पुनमचे कान इकडेच होते. तिने तारांगणातली तारीख पुढे नेली, तुळशीच्या लग्नानंतरची संध्याकाळ लावली, आणि ताऱ्यांनी भरलेला पडदा अलगद त्या दोघांकडे वळवला.