लाल फाइलीतला रिकामा कप्पा

"माझा पासपोर्ट नाहीये."

विभावरीबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. हातात उघडी पर्स. सकाळचे साडेसात वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डब्लिनहून मार्सेयचं विमान होतं.

शशिकांत मोहित्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. जिल्हा पोलिसांत त्यांची तेहतीस वर्षं गेली होती, त्यातली शेवटची चौदा लोकांच्या पासपोर्टची चौकशी करण्यात. अर्जदाराची वर्तणूक चांगली आहे की नाही, हे दारोदार हिंडून लिहायचं आणि त्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही, असा त्यांचा खाक्या. आता निवृत्त होऊन दोन महिन्यांसाठी मुलाकडे, प्रतापकडे, कॉर्कजवळच्या कॅरिगलाइनला आले होते. विहीणबाईही, म्हणजे सून केतकीची आई विभावरीबाई, आल्या होत्या. त्यांचं येणं मात्र आयर्लंडसाठी नव्हतंच.

विभावरीबाईंनी पुण्याच्या शाळेत एकतीस वर्षं फ्रेंच शिकवलं. 'बाजारात' हा धडा मुलांकडून घोकून घेतला आणि फ्रान्सचा बाजार एकदाही पाहिला नाही. या खेपेला दक्षिण फ्रान्समध्ये आठ दिवस गाडीने फिरायचं ठरलं होतं. आर्ल, उझेस, आविन्यों आणि मधले सगळे आडरस्ते. नकाशावर त्यांनी पेन्सिलीने गावं जोडली होती, कुठे कुठल्या वारी बाजार भरतो तेही लिहिलं होतं. महिनाअखेरीला त्या परत जाणार होत्या. गुडघ्यांची अवस्था पाहता पुन्हा येणं कठीणच होतं.

"शेवटचा कधी पाहिलात, विहीणबाई?"

"काल दुपारी. श्रावणीने झेरॉक्स काढून आणून दिला, मी ड्रॉवरमध्ये ठेवला. साडेपाचला केतकी आणि मी फिरायला गेलो, सातला आलो. मग ड्रॉवर उघडला तो आत्ताच."

"त्या वेळात घरात कोण होतं?"

"तुम्ही, प्रताप आणि वरच्या खोलीत श्रावणी."

"मी झोपलो होतो," शशिकांत म्हणाले. पोलीसमाणसाला हे सांगताना लाज वाटली.

तेवढ्यात प्रताप जिना उतरून आला. तो रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात नोकरीला होता, चार वर्षं झाली होती. "यात विचारायचं काय, बाबा? शेवटी पासपोर्ट कोणाच्या हातात होता? श्रावणीच्या. तिला गेल्या वर्षी फ्रान्सचा व्हिसा नाकारला होता. जळफळाट, दुसरं काय!" वरच्या खोलीत ऐकू जाईल एवढा आवाज. "दुपारपर्यंत तिने खोली रिकामी करायची. नाहीतर मी गार्डांना फोन करतो."

गार्डा म्हणजे इथले पोलीस. शशिकांतांनी मुलाकडे पाहिलं. पासपोर्ट कुठे असेल, कसा शोधायचा, असा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता.

श्रावणी वरच्या छोट्या खोलीत भाड्याने राहायची. कॉर्कच्या विद्यापीठात एमएससीला होती. शशिकांत वर गेले तेव्हा ती पलंगावर बसून कपडे बॅगेत कोंबत होती. डोळे सुजलेले.

"काका, मी घेतला नाही."

"घेतलास असं मी म्हटलं का? काल साडेपाच ते सात कुठे होतीस?"

"इथेच, अभ्यास करत. मध्ये सहाला खाली गेले, भात लावायला. पण थांबवेना, खिडकी उघडून परत वर आले."

"का थांबवेना?"

"तुमच्या सुकटीचा वास येत होता. मला मळमळतं, काका. नळापाशी तर फारच."

"काल सुकट कोणी केलीच नव्हती, पोरी."

"मला काय माहीत? वास होता." तिने नाक पुसलं. "माझं राहण्याचं कार्ड पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचंय. गार्डांकडे नाव गेलं तर माझं काय होईल? आणि कॉर्कमध्ये खोली मिळते का कुठे?"

शशिकांत खाली आले. केतकी ओट्यापाशी उभी होती. "सगळे प्रेस पालथे घातले, बाबा," ती म्हणाली. कपाटाला प्रेस म्हणायची इथली तऱ्हा शशिकांतांना अजून पचली नव्हती, पण आज ती वेळ नव्हती.

"प्रवासाची फाइल दाखव."

लाल प्लॅस्टिकची फाइल होती, सहा कप्प्यांची. प्रत्येकावर विभावरीबाईंच्या शाळेतल्या अक्षरात चिठ्ठी. पासपोर्टच्या प्रती, तिकिटं, मुक्काम, विमा, गाडी, लायसन्स. शेवटचा कप्पा रिकामा.

"लायसन्सची प्रत कुठाय?"

"प्रताप म्हणतो, कशाला, पाकिटातच आहे."

"आधी तर आपली गाडी बोटीतून न्यायची होती ना?"

"हो, रिंगास्किडीहून. पण आईला बोट लागते, म्हणून रविवारी मी सगळं बदललं. विमान, आणि तिकडे भाड्याची गाडी."

"चालवणार कोण?"

"प्रतापच. मी कुठे चालवते! आधी किती उड्या मारत होता, घाटातले रस्ते मला सांगू नका म्हणून. इथली टेस्ट पहिल्या फटक्यात पास झालोय, हे शंभर वेळा ऐकवून झालं." केतकी थांबली. "रविवारपासून गप्पच आहे. विचारलं की म्हणतो, ग्रँड आहे गं, सगळं ठीक."

शशिकांतांनी गाडीच्या कप्प्यातला कागद काढला. एका ओळीवर केतकीने पिवळी रेघ मारली होती. चालकाचं मूळ, पूर्ण लायसन्स काउंटरवर दाखवल्याशिवाय गाडी मिळणार नाही.

ते अंगणात गेले. प्रतापची गाडी दारात उभी होती. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात डिंकाचा मळकट चौकोन होता. रोज त्या गाडीत बसूनही त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. मागच्या काचेवरही तसाच, तेवढाच. त्यांनी नखाने खरवडून पाहिलं.

मग ते मागच्या लाकडी शेडकडे वळले. सुकटीचा डबा केतकीने तिथे हद्दपार केला होता. झाकण उघडलं आणि वासाचा भपकारा नाकात गेला. कालपर्यंत याच वासाने त्यांना भूक लागायची. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. तळाशी ब्रेडची रिकामी पिशवी होती, नीट गाठ न मारलेली. आत पासपोर्ट. व्हिसाच्या पानावर चार वाळकी कोळंबीची पोरं चिकटली होती.

त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. पासपोर्ट रुमालात गुंडाळून खिशात घातला.

अकरा वाजता त्यांनी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. श्रावणी बॅग घेऊन दारातच उभी राहिली. शशिकांतांनी पासपोर्ट टेबलावर ठेवला. केतकीने पदर नसतानाही सवयीने हात नाकाकडे नेला.

"शी! कुठे होता हा?"

"माझ्या सुकटीच्या डब्यात. आता नीट ऐका. पासपोर्ट विकायला चोरला असता, तर तो घराबाहेर गेला असता. डाव फक्त प्रवास बुडवायचा असेल, तर तो दोन दिवस घरातच लपला की पुरे. मग लपवायचा कुठे? जिथे कोणी हात घालणार नाही तिथे. विहीणबाई आणि केतकी त्या शेडकडे फिरकत नाहीत. श्रावणीला नुसत्या वासाने मळमळतं. तो डबा मी उघडतो, नाहीतर माझा मुलगा."

"बाबा, काहीतरीच काय?"

"काल सहाला सुकट शिजली नव्हती, तरी नळापाशी वास होता. कोणीतरी हात धुतले होते. का, तेही सांगतो. रविवारपर्यंत हा आनंदात होता. भाड्याची गाडी ठरली आणि याचं तोंड शिवलं गेलं. आपल्या गाडीत लायसन्स मागणारं कोणी नव्हतं. तिथे काउंटर आहे. फाइलीत सगळ्यांचे कागद आहेत, याच्या लायसन्सची प्रत तेवढी नाही. गाडीच्या पुढच्या-मागच्या काचेवर सारख्या मापाचे दोन डिंकाचे चौकोन आहेत. तिथे शिकाऊ चालकाचा लाल अक्षरातला एल होता. टेस्ट पास न होताच काढलेला." त्यांनी हात पुढे केला. "पाकीट काढ, प्रताप. लायसन्स टेबलावर ठेव."

प्रताप हलला नाही. केतकीनेच त्याच्या खिशातून पाकीट काढलं, कार्ड काढलं, वाचलं.

"लर्नर परमिट," ती म्हणाली. "हे आयर्लंडबाहेर चालतच नाही. आणि इथेही शेजारी पक्कं लायसन्सवालं माणूस लागतं. दोन वर्षं तू मला असाच फिरवतोयस?"

"गावचं लायसन्स इथे वर्षभरच चाललं. टेस्टला तीनदा नापास झालो." प्रताप टेबलाकडे बघत होता. "बोटीने गेलो असतो तर कोणी विचारलंही नसतं. विमान चुकलं की पासपोर्ट ड्रॉवरच्या मागे सापडला असता. कोणाचं काय जाणार होतं?"

शशिकांतांना किळस आली. चोर त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरीला पोलिसांची भीती घालून स्वतःची इभ्रत झाकणारा मात्र त्यांच्याच घरात निघाला.

"कोणाचं काय जाणार होतं? तिच्याकडे बघ आणि पुन्हा बोल."

प्रतापने मान वर केली, पण बघितलं वडिलांकडे. "मला गाडी कधी नीट आलीच नाही, बाबा. गावी तरी मी कुठे टेस्ट दिली? आरटीओच्या एजंटला फोन तुम्ही केलात. मी घरात बसलो होतो आणि लायसन्स घरी आलं. तेव्हा तुम्हाला काहीच नाही वाटलं?"

केतकीने कार्ड टेबलावर ठेवलं.

"फोन मी केला होता," शशिकांत म्हणाले. "एकच केला होता."

विभावरीबाईंनी पासपोर्ट उचलला, व्हिसाच्या पानावरचा कचरा बोटाने झटकला. "आणि लोकांच्या वर्तणुकीचे दाखले तुम्हीच लिहीत होतात, शशिकांतराव," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मग त्यांनी नकाशा पुढे ओढला. "केतकी, आर्लला रेल्वे जाते. उझेसला बस असेल. आपण दोघीच जाऊ."

"श्रावणी, तू राहा गं," केतकी म्हणाली. "प्लीज. चूक आमची आहे."

"पासपोर्ट सापडला, बरं झालं, ताई. पण मी माझ्या वर्गातल्या स्वरालीकडे जाते. ती म्हणाली, जमिनीवर गादी टाकू. इथे मला झोप नाही येणार."

तिच्यापाशी दोन बॅगा होत्या, एक भलती जड. दारात गाडी उभी होती, टाकी भरलेली. घरातल्या एकालाही ती चालवायचा अधिकार नव्हता.

शशिकांतांनी जड बॅग उचलली.

"काका, राहू द्या, मी नेते."

"चल पोरी. स्टॉप लांब आहे."

चढावर त्यांना दोनदा थांबावं लागलं. हाताला सुकटीचा वास येत होता, म्हणून ते तिच्यापासून दोन पावलं मागे चालत राहिले.